चहाचं खोकं ते खर्जाची तार : पाचगणी, सातारा, सांगली, मिरज

गुरुवार : पुणे ते पाचगणी

पाचगणीला माणसं स्ट्रॉबेरी खायला जातात, टेबललँडवर घोड्यावर बसायला जातात, नाहीतर पोराला बोर्डिंगात सोडायला जातात. अलीकडे त्यात फ्रेडी मर्क्युरीची शाळा बघायला येणाऱ्यांची भर पडली आहे. बघणाऱ्याला आम्हीही त्यातलेच वाटलो असणार. पण आमचा माणूस फ्रेडी नव्हता. फ्रेडी ज्यात गायचा त्या क्वीन या इंग्लिश रॉक बँडमध्ये मागे, ड्रमच्या बाजूला उभा राहून बेस गिटार, म्हणजे जाड तारांची, खालचे सूर देणारी गिटार, वाजवणारा जॉन डीकन हा आमचा माणूस. जन्म इंग्लंडातल्या लेस्टरचा, १९ ऑगस्ट १९५१. पाचगणीशी त्याचा संबंध शून्य.

आमचा म्हणजे माझा आणि भाच्याचा. भाचा पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो आणि कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवतो. मी आयुष्यभर लोकांचे ताळेबंद तपासले. डीकनने इलेक्ट्रॉनिक्सची पदवी पहिल्या वर्गात मिळवली आणि पुढे बँडच्या पैशाअडक्यावरही त्याचंच लक्ष असायचं, त्यामुळे तो आम्हां दोघांनाही आपापल्या परीने जवळचा. मिरजेत तंबोरे कसे घडतात ते बघायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं. थोडी वाकडी वाट केली की पाचगणीही होते, म्हणून असा बेत ठरला.

स्वारगेटला महाबळेश्वरची एसटी मिळाली, बसायला जागाही मिळाली. भाच्याने बेस बरोबर घेतला होता. खोलीवर ठेवला तर मित्र वाजवतात आणि तारा तोडतात, असं त्याचं म्हणणं. ती लांबलचक पिशवी बघून कंडक्टर म्हणाले, "ह्याचं हाफ काढू का?"

"गिटार आहे काका. बेस गिटार."

"मग होऊ दे की एखादं गाणं. घाटापर्यंत टाइमच आहे."

"स्पीकर नसला तर ऐकू येत नाही हो."

"म्हंजे वाजतंय, पण ऐकू येत न्हाई?" कंडक्टरांनी तिकीट फाडलं. "बरं हाय. आमची घंटी बरी मग."

बस हसली. भाचा खिडकीबाहेर बघत बसला तो थेट वाईपर्यंत. वाईला कृष्णा भेटली. ही नदी आता शेवटपर्यंत आमच्या अंगाअंगाने असणार होती. मग पसरणीचा घाट चढताना कानात दडे बसले, आणि वर पोचलो तेव्हा फेब्रुवारीचं ऊन असूनही सावलीत स्वेटर लागत होता. सिल्व्हर ओकची उंच झाडं, लाल माती, आणि रस्त्याच्या कडेला टोपल्यांत स्ट्रॉबेरी. घेताना टोपलीच्या तळाची फळं बघून घ्या, वरचा थर सगळ्यांचाच सुंदर असतो.

दुपारी सेंट पीटर्स शाळेच्या बाजूला फिरून आलो. शाळा १९०४ सालची. निवासी आहे, मुलं राहतात, त्यामुळे उगाच आत शिरायचा प्रयत्न करू नये. आम्ही रस्त्यावरूनच झाडी आणि कौलं बघितली. झांझिबारचा फारुख बल्सारा पन्नाशीच्या दशकात, वयाच्या आठव्या वर्षाच्या आसपास, इथे आला. 'फ्रेडी' हे नाव त्याला इथल्या पोरांनी दिलं. त्या दशकाच्या अखेरीला पाच मुलांनी शाळेत एक बँड काढला, द हेक्टिक्स. गंमत म्हणजे त्यात फ्रेडी मुख्य गायक नव्हता. तो पियानोवर. गायचा ब्रूस मरे, गिटारवर डेरिक ब्रांच, ड्रमवर व्हिक्टरी राणा, जो पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाला. आणि बेसवर फरांग इराणी.

आता शाळकरी पोरांना त्या काळात पाचगणीत बेस गिटार कुठून मिळणार? फरांगचा बेस म्हणजे चहाचं लाकडी खोकं. खोकं पालथं घालायचं, त्याला एक दांडी लावायची, दांडीच्या टोकापासून खोक्यापर्यंत एक दोरी किंवा तार. दांडी मागे ओढली की तार ताणली जाते, सूर चढतो. सैल सोडली की उतरतो. खोकं पोकळ, म्हणून आवाज घुमतो. इंग्लंडातही त्या वेळी गल्लोगल्लीची पोरं असंच वाजवत होती. मला मात्र हे वाचल्या वाचल्या यल्लम्माच्या जोगतिणींच्या हातातलं एका तारेचं चौंडकं आठवलं होतं. तेही ताण देऊनच वर-खाली होतं.

शाळेपासून थोडं पुढे एक चहाची टपरी आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, "फ्रेडीवाले का तुम्ही? लई येत्यात. टी-शर्ट घालून येत्यात. कुठल्या खोलीत ऱ्हायचा विचारत्यात. आता मला काय ठाऊक? मी जन्मले पण नव्हते तवा."

मी म्हटलं, "आम्ही बेसवाले."

"ते कोण?"

"मागे उभा असतो तो."

"त्याचं कुणी न्हाई विचारलं अजून," बाई म्हणाल्या आणि चहात आलं जास्त घातलं. चहा फक्कड होता.

शुक्रवार : टेबललँड, वाई, सातारा

टेबललँडला गाडीने जाण्यापेक्षा सकाळी लवकर पायऱ्यांनी चढा. नऊच्या आत घोडागाड्या सुरू झालेल्या नसतात, धूळ नसते आणि दुकानांतली गाणी नसतात. जांभ्याचं ते प्रचंड सपाट पठार तेवढ्या वेळापुरतं तुमचं एकट्याचं. खाली कृष्णेचं खोरं धुक्यात बुडालेलं होतं, मधूनच धोमच्या धरणाचं पाणी चमकायचं. वारा असा की बोललेलं शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये. तरी भाचा बोलत होता, कारण कंडक्टरांचं बोलणं त्याला रात्रभर टोचत होतं.

"आत्या, बँडमध्ये पण तेच आहे. परवा कार्यक्रमात माझी केबल निम्म्या गाण्यात निघाली. कुणाला कळलंसुद्धा नाही."

"ड्रमरला?"

"त्याला कळलं. तो लगेच वळला."

मग मी त्याला डीकनची भरती कशी झाली ते सांगितलं. त्याला माहीत होतंच, पण आत्यांनी सांगितलेलं पुन्हा ऐकायचं असतं. डीकन चौदा वर्षांचा असताना गावातल्या 'दि ऑपोझिशन' नावाच्या बँडमध्ये गेला तो साधी गिटार वाजवायला. बेसवाला गेला तेव्हा ती जागा याच्याकडे आली. म्हणजे बेस त्याने निवडला नाही, गळ्यात पडला. वडील तो अकरा वर्षांचा असताना गेलेले. पुढे लंडनला चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकायला आला आणि १९७१ मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांची ओळख झाली. क्वीनचे आधीचे तीन बेसवादक टिकले नव्हते. हा चौथा. वय १९. वाजवतो चांगलं, बोलतो कमी, आणि वायरिंग बिघडलं तर दुरुस्त करतो, या तीन गुणांवर निवड झाली. पहिल्या अल्बमवर त्याचं नाव उलटं, 'डीकन जॉन' असं छापलं, जरा भारदस्त वाटावं म्हणून. त्याने पुढच्या वेळी ते सरळ करून घेतलं. हा प्रसंग मला फार आवडतो. ज्याच्याबद्दल लोक म्हणतात की कशात नसायचा, त्याने पहिल्या झटक्यात हिशेबातली नोंद दुरुस्त करून घेतली!

आणि त्याचा तो अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र. रस्त्याकडेच्या भंगाराच्या पेटीत त्याला एक सर्किट सापडलं, छोट्या ट्रान्झिस्टर रेडिओतलं. ते उचलून घरी आणलं, एका जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं. ब्रायन मेने त्याला गिटार लावून बघितली तर व्हायोलिन-क्लॅरिनेटसारखे सूर निघायला लागले. क्वीनच्या गाण्यांत जिथे वाद्यवृंद वाजतोय असं वाटतं, त्यातल्या कितीतरी जागा या भंगारातल्या खोक्यातून आल्या आहेत. 'डीकी अॅम्प' म्हणून आज त्याच्या नकला विकत मिळतात. मूळ वस्तू कधी कुणी सुधारायला गेलं नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोराला ही गोष्ट सांगताना मला जो आनंद झाला, तो सांगायची सोय नाही. त्याने लगेच विचारलं, सर्किट कोणत्या कंपनीचं होतं.

दुपारी वाईत उतरून ढोल्या गणपतीला हात जोडले, घाटावर बसून हरभऱ्याचे डहाळे खाल्ले आणि साताऱ्याची एसटी धरली.

साताऱ्यात राजवाड्यापाशी मुक्काम. संध्याकाळी टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापासून गाव बघा, नंतर राजवाडा चौपाटीवर खाऊन घ्या. कंदी पेढे गरम मिळाले तर तिथेच खा आणि घरचे वेगळे बांधून घ्या. पेढा तपकिरी आणि किंचित रवाळ हवा. पांढरट आणि चिकट असेल तर पुढच्या दुकानात जा.

परत येताना वरातीत सापडलो. लग्नसराईच होती. टेम्पोवर रचलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरांतून असा धडधडाट की दुकानांची शटरं थरथरत होती. नवरदेवाचा कुणी मित्र टेम्पोवाल्याला ओरडून सांगत होता, "बेस वाढव! बेस वाढव की रं!"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. "आत्या, हा आमचा नव्हे."

खरंच नव्हे. १९८० मध्ये डीकनने 'अनदर वन बाइट्स द डस्ट' लिहिलं, त्यात बेसच गाणं चालवतो, पण त्या गाण्याची जादू सुरांइतकीच मधल्या मोकळ्या जागांत आहे. तीन ठोके, आणि मग थांबणं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं नाचाचं संगीत त्याला आवडायचं, ते त्याने रॉक बँडमध्ये आणलं. गिटारही बरीचशी त्यानेच वाजवली. बँडमध्ये सगळ्यांची खात्री नव्हती. मायकेल जॅक्सनने ऐकून सांगितलं, हे गाणं स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून काढा, चालेल. अमेरिकेत ते पहिल्या नंबरावर गेलं. थांबायचं कुठे ते त्या टेम्पोवाल्याला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. साडेदहाला पोलीस आले तेव्हा सांगितलं.

शनिवार : आगगाडीने सांगली, संध्याकाळी हरिपूर

साताऱ्याचं स्टेशन गावापासून चांगलंच लांब, माहुलीच्या बाजूला आहे. रिक्षाला वेळ धरूनच निघा. गाडी पकडल्यावर मात्र मजाच मजा. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच तोडणीवाल्यांची खोपटी, बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या आणि गुऱ्हाळाचा गोड धूर. हा पट्टा बसने करू नका, खिडकीची जागा घेऊन गाडीनेच करा.

कऱ्हाडला एक आजोबा समोर येऊन बसले. धोतर, टोपी, हातात पिशवी. साखर कारखान्यात बॉयलरवर होते. पिशवीतून भाकरी-ठेचा काढून आधी आमच्या हातावर ठेवला, मग स्वतः घेतला. तोवर आमची जुनी भांडणं सुरू झाली होती : डीकनने वाजवणं का सोडलं.

भाच्याचं मत असं की चूक केली. १९८६ च्या ९ ऑगस्टला नेबवर्थला क्वीनचा फ्रेडीबरोबरचा शेवटचा कार्यक्रम झाला. शेवटी डीकनने स्वतःचा बेस उचलून अॅम्पवर फेकला. एरवी इतका शांत माणूस! मग २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेला. पुढच्या वर्षी वेम्ब्लीला त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला, त्यात डीकनने वाजवलं. जानेवारी १९९७ मध्ये पॅरिसला एकदा वाजवलं, एल्टन जॉन गायला होता. त्याच वर्षी एक शेवटचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि विषय बंद. वय पंचेचाळीसच्या आसपास. २००१ मध्ये अमेरिकेत मोठा सन्मान झाला, तिथेही गेला नाही. ब्रायन मे आणि रॉजर टेलर वेगवेगळे गायक घेऊन नंतरही जगभर फिरले. हा घरी.

"वाजवता येतं तर वाजवावं ना," भाचा म्हणाला. "हात चांगले होते, लोकांना हवा होता. मग?"

मी म्हटलं, त्याने फ्रेडीबरोबर वाजवायचं काम घेतलं होतं, ते संपलं. 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' त्याने बायकोसाठी लिहिलं ते १९७५ साली. फ्रेडीला ते इलेक्ट्रिक पियानोचं वाद्य आवडत नव्हतं, म्हणून हा स्वतः पियानो शिकला आणि वाजवला. एवढं करणारा माणूस आळसाने घरी बसलेला नाही. सहा मुलांचा बाप आहे. त्याला दुसरं काम असेल.

आजोबा ऐकत होते. नावं काही त्यांच्या ओळखीची नव्हती, पण मुद्दा बरोबर पकडला होता. "मी रिटायर झालो," ते भाच्याला म्हणाले, "आन् म्हैन्याभरानं सहज गेलो बघाया, बॉयलर कसा चाललाय. पोरं म्हणली, या अण्णा, च्या घ्या. च्या पाजला आन् लागली कामाला. मी आपला हुबा. घड्याळात बघितलं, गाडीला तीन तास हुतं." त्यांनी टोपी सारखी केली. "त्येनं बरं केलं म्हणायचं."

"पण त्याला तर बोलावत होते," भाचा म्हणाला.

"मलाबी बोलावलंच हुतं की."

ते किर्लोस्करवाडीला उतरले. खिडकीतून भाच्याच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, "तू वाजीव बरं का. तुझं काय वय झालंय!"

सांगलीत सामान टाकलं, गणपतीला जाऊन आलो, आयर्विन पुलावरून कृष्णा बघितली. पूल १९२९ चा, आणि महापुराच्या बातम्यांत याच पुलाची पाणीपातळी सांगतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये याच गावात 'सीतास्वयंवर' करून मराठी रंगभूमी सुरू केली, त्यामुळे सांगलीकरांशी बोलताना नाटकाचा विषय काढाल तर दोन तासांची निश्चिती ठेवा.

उन्हं कलल्यावर हरिपूर. इथे वारणा कृष्णेला मिळते, संगमेश्वराचं देऊळ आहे, वाटेवर मोठी झाडं. गोविंद बल्लाळ देवल इथलेच. हरिपूरची दुसरी ओळख म्हणजे हळदीची पेवं : जमिनीत खणलेले खोल हौद, त्यांत हळद भरून तोंड बुजवायचं. माती अशी की आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुराने बरीच पेवं खराब केली. देवळाजवळ भेटलेले एक गृहस्थ सांगत होते, की पेवात उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचे. विझला तर उतरायचं नाही. त्यांनी आम्हाला एका बंद पेवाच्या तोंडावर पाय आपटायला लावला. जमीन खालून घुमली! भाचा तिथे पुन्हा पुन्हा पाय आपटत राहिला, तेव्हा मला जरा शंका आलीच होती की याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

भडंग रविवारी निघताना न घेता शनिवारीच घ्या. शेवटच्या दिवशी राहून जातं.

रविवार : मिरज

सांगलीहून मिरजेला जायला सतत बस आणि रिक्षा असतात. दर्ग्याजवळ उतरून सतारमेकर गल्ली विचारली की कुणीही दाखवतं. येण्याआधी एखाद्या कारागिराला फोन करून ठेवा, विशेषतः रविवारी. आम्ही केला होता.

खोली लांबट, अंधारी. छताला भोपळे टांगलेले. हे खायचे नव्हेत, जाड सालीचे कडू भोपळे, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. भिंतीला तुणाच्या लाकडाच्या कोरलेल्या दांड्या. सरसाचा आणि पॉलिशचा वास. सत्तरीतले एक चाचा मांडीवर तंबोरा घेऊन कानस फिरवत बसले होते, शेजारी त्यांचा मुलगा तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या, कडेला पानांची नक्षी बसवत होता.

"या की वो. पाणी घ्या. कुठनं आलासा?"

मिरजेच्या या धंद्याची हकिकत त्यांच्या तोंडून ऐकावी. पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रज आले, लढाया संपल्या, धार लावायला पातीच उरली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यं दुरुस्त करता करता करायलाच घेतली, पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला, आणि गल्ली उभी राहिली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. "कागद मिळाला," चाचा म्हणाले. "आता मोबाइलमध्ये तंबोरा वाजतोय, त्येला कागद नको आन् भोपळा बी नको."

चाचा जवारी काढत होते. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित उतरता असतो. तार त्या उतारावर घासत कंप पावते, म्हणून तो भरलेला, झंकारता आवाज येतो. मधे सुताचा एक दोरा सरकवतात, तो केसभर पुढे-मागे झाला की आवाज उघडतो किंवा मिटतो. कानस दोनदा फिरवायची, तारा चढवायच्या, ऐकायचं, तारा उतरवायच्या, पुन्हा कानस. आम्ही तासभर बसलो होतो, तेवढ्या वेळात एकाच तारेचं काम चाललं होतं. ती खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची होती.

चार तारा : पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या जोडीच्या, आणि चौथी खर्ज, पितळेची, जाड. गाणारा कान देतो मधल्या जोडीला. भाच्याने विचारलं, मग या चौथीवर एवढा वेळ का?

"भिंतीला रंग समदेच बघत्यात," चाचा म्हणाले. "जोतं कोण बघतंय? पर जोतं हाललं की भिंत बोलायला लागती."

मग त्यांचं लक्ष पिशवीकडे गेलं. "त्येच्यात काय हाय?"

भाच्याने लाजत बेस बाहेर काढला. चाचांनी तो हातात घेऊन वजन बघितलं, उलटा करून मागची बाजू ठोकली. भरीव लाकूड. मग सगळ्यात जाड तार छेडली. जेमतेम गुणगुण. भाच्याचा चेहरा एसटीतल्यासारखा व्हायला लागला.

"सूर कुठला?"

"ई. ४१ हर्ट्झ." भाच्याने मोबाइलवर मोजून दाखवलं. तंबोरा काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा होता, त्याचा खर्ज ६९ च्या जवळ. म्हणजे भाच्याच्या दुसऱ्या जाड तारेवर चौथ्या पडद्यात तोच सूर मिळतो, आणि त्याच्याखाली अजून बरीच जागा उरते. चाचांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदा हातातली कानस खाली ठेवली.

"खर्जाच्या बी खाली? वाजीव."

"ऐकू येणार नाही चाचा."

चाचांनी मुलाला काहीतरी खूण केली. त्याने कोपऱ्यातून तारा न चढवलेला एक तंबोरा आणला, तबली बसवून झालेली, पॉलिश व्हायचं बाकी. तो चटईवर आडवा ठेवला, खाली घडी घातलेलं पोतं. चाचांनी भाच्याला शेजारी बसवलं, बेसच्या मानेचं टोक, जिथे खुंट्या असतात, ते तबलीवर हलकेच टेकवलं आणि म्हणाले, "आता."

भाच्याने काळी एकचा तो सूर वाजवला. खोली भरली. छताचे भोपळेसुद्धा बारीक गुणगुणले. अॅम्पचा आवाज नव्हे हा, लाकडाचा, गोल, थोडा खरखरीत. चाचांनी डोळे मिटून दुसऱ्या हाताने मांडीवरचा तंबोरा छेडायला सुरुवात केली. प, सा, सा, आणि खर्जावर भाचा. सुरुवातीला तो घाई करत होता. चाचा नुसती मान हलवायचे. हळूहळू तो थांबायला शिकला, आणि मग कितीतरी वेळ दोघं तेवढंच वाजवत राहिले. मुलाने नक्षीचं काम बाजूला ठेवलं. शेजारच्या दुकानातले दोघं दारात येऊन उभे राहिले. त्यातला एक म्हणाला, "एकदा खालचा लाव रे, एकदम खालचा." भाच्याने ४१ वाला लावला तेव्हा तबली इतकी थरारली की चाचांनी घाईने हात ठेवला. "बास, बास. सरस वला हाय अजून."

मला फरांग इराणीचं खोकं डोळ्यांसमोर दिसत होतं. भाच्याला बहुधा हरिपूरचं पेव.

तंबोरा घ्यायचा असेल त्यांच्यासाठी थोडं. कुणासाठी हवा ते आधी सांगा, पुरुषांच्या गळ्याचा मोठा आणि बायकांचा लहान, काळी एक आणि काळी चार यांना वेगवेगळं माप लागतं. मागणी आधी नोंदवावी लागते. भोपळ्याला बाहेरून टिचकी मारत सगळीकडे ऐका, कुठे आवाज बसका आला तर तडा असू शकतो. पावसाळ्यात नेऊ नका. गावी पोचल्यावर जवारी थोडी बदलते, तेव्हा परत आणायची तयारी ठेवा किंवा तुमच्या गावात जवारी काढणारं कोण आहे ते त्यांनाच विचारा, त्यांना माहीत असतं. आणि कारागिराला निम्म्या कामात उठवून फोटोला उभं करू नका.

दुपारी दर्ग्यात गेलो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर या आवारात आहे. उरुसाला इथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, मोठमोठे गायक हजेरी लावून जातात. ती तारीख साधून यायचं असेल तर राहायची सोय फार आधी करा.

संध्याकाळी मिरज जंक्शन. माघी पौर्णिमा तोंडावर आलेली, त्यामुळे सौंदत्तीला निघालेल्या जोगतिणींनी फलाट गजबजलेला. देवीचे पितळेचे जग, मोरपिसं, भंडाऱ्याने माखलेली कपाळं. आमच्या बाकावर एक म्हातारी मावशी मांडीवर चौंडकं घेऊन बसली होती. भाच्याने विचारलं, बघू का? तिने काखेत धरून कसं ताणायचं ते दाखवलं. तार ओढली, छेडली, सूर वर उसळला, सैल सोडली तसा खाली आला. भाच्याने दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा बरा जमला.

मग म्हणाली, "तुझं काढ की."

त्याने काढलं. तिने बोटाने जाड तार ओढली, कान जवळ नेला, बेस पुढून-मागून चाचपला आणि शेजारणीला म्हणाली, "ह्येला प्वॉटच न्हाई गं!"

"पोट वेगळं असतंय मावशी," भाचा म्हणाला. "पुण्यात ठेवलंय."

त्यावर अख्खा बाक हसला, भाचाही. गाडीची घोषणा झाली तेव्हा ती पलीकडच्या बायकांना तेच पुन्हा सांगत होती, पोटाचा आकार हातांनी दाखवत.